अवधान-न्यूनता आणि संवेदनांचा भार : किशोरवयीन विद्यार्थ्यांच्या एका दुर्लक्षित अडचणीविषयी

वर्गातील सारी मुले एकाच फळ्याकडे पाहत असतात आणि एकाच शिक्षकाचे बोलणे ऐकत असतात. तथापि प्रत्येकाला जाणवणारा वर्ग एकसारखा असतोच असे नाही. बहुतेकांना शिक्षकांचा आवाज तेवढा ऐकू येतो. एखाद्याला मात्र त्याच वेळी पंख्याची कुरकुर, शेजारच्या वर्गातील कविता, बाकावर वाजणारी पेन्सिल, पावसाळ्यात पत्र्यावर कोसळणाऱ्या सरी आणि मानेला टोचणारी सदऱ्याची कॉलर हे सारे सारख्याच जोराने जाणवत असते. असा विद्यार्थी चुळबुळ करतो, कानांवर हात ठेवतो, बाहेर जाण्याची परवानगी वारंवार मागतो आणि कधीतरी क्षुल्लक कारणावरून भडकतो. मग त्याच्यावर हट्टी, नाजूक किंवा उद्धट असा शिक्का बसतो. अवधान-न्यूनता व अतिचंचलता हा विकार असलेल्या अनेक मुलांमुलींच्या वाट्याला हे येते. या विकाराला डॉक्टर ‘एडीएचडी’ या आद्याक्षरांनी ओळखतात. या मुलांची तक्रार खरी असते आणि तिचे बरेचसे निवारण शाळेत व घरात, फारसा खर्च न करता होऊ शकते, हे पालकांनी व शिक्षकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

विकाराचे स्वरूप

हा विकार नव्या जीवनपद्धतीतून निर्माण झालेला आहे, असा समज आढळतो. वस्तुतः लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी 1902 साली दिलेल्या व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन केले होते. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 1980 साली आपल्या रोगनिदान-पुस्तिकेत अवधानातील उणिवेला प्रथमच मुख्य स्थान दिले, आणि 1987 मध्ये आजचे नाव रूढ झाले. 2013 च्या आवृत्तीनुसार विकाराची अनेक लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली असावी लागतात, आणि ती घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी आढळावी लागतात. जगभरात सुमारे 5 टक्के मुलांमध्ये हा विकार असतो असे मानले जाते. जुळ्या भावंडांच्या अभ्यासावरून त्यात आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा असल्याचे दिसून आले आहे. सबब, आईवडिलांच्या लाडांमुळे किंवा शिस्तीच्या अभावामुळे तो जडतो ही समजूत सोडून दिली पाहिजे.

वय वाढते तशी धावपळ व उड्या मारणे बहुधा कमी होते. आतली अस्वस्थता, विसराळूपणा आणि कामाची घडी न बसणे या गोष्टी मात्र राहतात. मुलींमध्ये पुष्कळदा चंचलता बाहेरून दिसत नाही, लक्ष न लागणे तेवढे असते. त्यामुळे ‘स्वप्नाळू’ म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होते आणि निदानास विलंब लागतो.

संवेदनांची चाळण

डोळे, कान, नाक, जीभ व त्वचा यांच्याकडून मेंदूकडे अखंड संदेश जात असतात. त्यांच्या जोडीला तोल सांभाळणारी, स्नायू व सांधे यांची स्थिती कळविणारी आणि भूक, तहान, लघवीची भावना यांसारखे शरीरातील बदल सांगणारी संवेदनेही असतात. या सर्व संदेशांकडे एकाच वेळी लक्ष देणे अशक्य असल्याने मेंदू त्यांची निवड करतो. भिंतीवरील घड्याळाची टिकटिक थोड्याच वेळात ऐकू येईनाशी होते, अंगावरील कपड्याचा स्पर्श जाणवेनासा होतो. कारण पुनःपुन्हा येणाऱ्या निरुपद्रवी संदेशाची दखल घेण्याचे मेंदू हळूहळू थांबवितो. महत्त्वाचे काय व गौण काय हे ठरविण्यात मेंदूच्या पुढील भागाचा, तसेच डोपामिन व नॉरॲड्रेनालिन या रासायनिक द्रव्यांचा मोठा सहभाग असतो. एडीएचडीमध्ये याच यंत्रणेचे कार्य वेगळ्या रीतीने चालते. म्हणून गौण संदेश वेळीच मागे पडत नाहीत. प्रत्येक नवा आवाज, प्रत्येक खाजरी शिवण लक्ष वेधून घेते.

याचे परिणाम परस्परविरोधी वाटावेत असे असतात. एकाच मुलीला कुकरच्या शिट्टीने दचकायला होते, पण अभ्यास करताना ती स्वतः गाणे लावते. एकाच मुलाला केसांतून फणी फिरवलेली सहन होत नाही, पण जड दप्तर पाठीवर घेऊन तो शांतपणे चालतो. नकोसा, अचानक आलेला उद्दीपक त्रास देतो, तर स्वतः निवडलेला व ठरावीक तालाचा उद्दीपक मन स्थिर करतो. ही विसंगती पाहून ‘सोंग करतो’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे होय. शरीरातील सूचनांचेही तसेच. एखाद्या कामात गढलेल्या मुलाला भूक किंवा लघवीची भावना उशिरा कळते आणि ती अगदी अनावर झाल्यावरच तो जागचा उठतो.

तेराव्या वर्षानंतर अडचण का वाढते

माध्यमिक शाळेत विषय, शिक्षक आणि गृहपाठ यांची संख्या वाढते. शाळा दूर असल्यास बसमधील दाटी, हॉर्न व डिझेलचा वास यांनी दिवसाची सुरुवात होते. शरीरात बदल होत असतात, झोपेची वेळ निसर्गतःच पुढे सरकते, आणि अपुऱ्या झोपेने चिडचिड व संवेदनशीलता दोन्ही वाढतात. मुलींच्या बाबतीत मासिक पाळीच्या काळातील कपड्यांचा स्पर्श व वास हाही त्रासाचा विषय होतो. संकोचामुळे त्या तो बोलून दाखवीत नाहीत.

याच वयात इतरांच्या नजरेची जाणीव तीव्र होते. लहानपणी मोकळेपणाने कान झाकणारा मुलगा आता तसे करीत नाही. तो दात आवळून प्रार्थना, तास, मधली सुट्टी, कवायत हे सारे सोसतो. शाळेत त्याच्याविषयी तक्रार नसते; परंतु घरी पाऊल टाकताच धाकट्या भावाच्या मोठ्या आवाजावरून तो आकांडतांडव करतो. ‘शाळेत नीट वागतो, मग घरीच असे का?’ हा आईचा प्रश्न स्वाभाविक आहे. दिवसभर साठलेला भार सुरक्षित जागी उतरला, हे त्याचे उत्तर बहुधा असते. हा भार रोज वाढत गेला आणि कोणी विचारपूस केली नाही, तर पोटदुखीची निमित्ते, गैरहजेरी आणि अखेर शाळा सोडणे अशी पायरी-पायरीने घसरण होऊ शकते. बुद्धी असूनही शिक्षण तुटण्याचा हा धोका पाहता या प्रश्नाकडे वेळीच लक्ष दिले पाहिजे.

निदानाबाबत सावधगिरी

आवाज वा स्पर्श सहन न होणे हा एडीएचडीच्या निदानाचा निकष नाही. हा विकार असलेल्यांत अशी संवेदनशीलता इतरांपेक्षा अधिक प्रमाणात आढळते, इतकेच सिद्ध झाले आहे. स्वमग्नतेच्या निकषांत मात्र 2013 पासून तिचा समावेश आहे, आणि दोन्ही विकार एकाच मुलात असू शकतात. कानाचे दुखणे, अर्धशिशी, दृष्टिदोष, त्वचेची ॲलर्जी किंवा चिंताविकार यांमुळेही अशाच तक्रारी उद्भवतात. म्हणून कान व डोळे यांची तपासणी आधी करून घ्यावी. पूर्वी नसलेला त्रास अचानक सुरू झाला असल्यास डॉक्टरांकडे जाण्यास विलंब लावू नये. शिक्षकांनी निदान करू नये. आपल्याला काय दिसले, कोणत्या तासाला व किती वेळा, याची नोंद ठेवून ती पालकांना द्यावी. डॉक्टरांना अशा नोंदीचा फार उपयोग होतो.

शाळेत काय करता येईल

पहिला उपाय बसण्याच्या जागेचा. दार, खिडकी व खडखडणारा पंखा यांपासून दूर, फळ्याजवळ, पाठीशी भिंत असलेली जागा अशा विद्यार्थ्याला द्यावी. पंख्याला तेल देणे, बाकाच्या पायांना रबरी टोप्या बसविणे यांचा लाभ साऱ्या वर्गाला होतो. घंटेजवळच्या वर्गात त्याची तुकडी शक्यतो ठेवू नये. तासाच्या मध्यावर खडू आणणे, वह्या पोचविणे असे काम दिल्यास हालचालीची गरज सन्मानाने भागते. बाहेर पडण्याची एक साधी खूण शिक्षक व विद्यार्थी यांनी आपसांत ठरवावी; पाच मिनिटे व्हरांड्याच्या शांत टोकाशी उभे राहून तो परत येईल, असा नियम दोघांनी पाळावा. अशी सोय असलेला विद्यार्थी तिचा गैरवापर करील ही भीती असते. वेळ ठरलेली असेल आणि परतल्यावर राहिलेले काम पुरे करून घेतले जात असेल, तर त्यास वाव राहत नाही.

गणवेशाच्या बाबतीत सुती कापड, कापून टाकलेली लेबले, आधी दोन-तीनदा धुतलेला सदरा एवढ्या सवलतीने शिस्तीला बाध येत नाही. परीक्षेत शांत खोलीची गरज वाटल्यास डॉक्टरांच्या प्रमाणपत्रासह मुख्याध्यापकांमार्फत मंडळाकडे चौकशी करावी आणि ती वर्षाच्या आरंभीच करावी. सवय मोडावी म्हणून मुलाला मुद्दाम गोंगाटात बसविणे किंवा वर्गासमोर त्याची टर उडविणे सर्वथा गैर आहे. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना शिक्षण हक्क अधिनियम, 2009 च्या कलम 17 नुसार मनाई आहे.

घरी काय करावे

शाळेतून आल्यावर पहिला अर्धा तास प्रश्नांची सरबत्ती टाळावी. हातपाय धुणे, सैल कपडे, काही खायला व थोडी शांतता मिळाली की भार उतरतो. विहिरीचे पाणी ओढणे, नारळ सोलणे, सायकल चालविणे, पोहणे अशा स्नायूंना जोर देणाऱ्या कामांनी पुष्कळ मुलांना बरे वाटते. एखादा पदार्थ त्याच्या गिळगिळीत स्पर्शामुळे नकोसा वाटत असेल, तर आमटी व भात वेगळे वाढावेत. नव्या पदार्थाचा एक घास पुरे मानावा. झोपण्याची वेळ ठरलेली असावी आणि मोबाईल उशाशी नसावा.

कानात घालण्याचे बोळे गर्दीच्या वेळी उपयोगी पडतात. परंतु ते दिवसभर घातल्यास कान शांततेला सरावतो आणि लहान आवाजही मोठा वाटू लागतो. रस्त्यावर तर ते धोक्याचेच होत. सर्व त्रासदायक गोष्टी कायमच्या टाळणे हाही उपाय नव्हे. ज्या गोष्टीवाचून चालणार नाही, तिची सवय थोड्या मात्रेत, आधी सूचना देऊन आणि मुलाच्या संमतीने करावी.

गोव्यासारख्या प्रदेशात उत्सवांची रेलचेल असते. चवथीतील आरत्या व फटाके, शिगमोत्सवातील ढोलताशे, दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराच्या प्रतिमांपुढे वाजणारे ध्वनिक्षेपक यांपासून मुलाला तोडून टाकू नये. मिरवणूक कोठून पाहायची, किती वेळ थांबायचे व परत कोणाबरोबर यायचे हे आधी ठरवावे. घुमट स्वतः वाजविणाऱ्या मुलाला त्याच आवाजाचा त्रास पुष्कळदा कमी होतो, कारण ताल त्याच्या हातात असतो. पंचायतींनीही आपली जबाबदारी ओळखावी. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार शाळेभोवती 100 मीटरपर्यंतचे क्षेत्र शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येते व तेथे दिवसा आवाजाची मर्यादा 50 डेसिबल आहे. या नियमाची अंमलबजावणी झाल्यास प्रत्येक विद्यार्थ्याचे हित साधेल.

उपचार व शासकीय सोयी

एडीएचडीवर मिथाइलफेनिडेट, ॲटोमॉक्सेटिन यांसारखी औषधे उपलब्ध आहेत. त्यांनी अवधान सुधारते. संवेदनशीलतेवरील थेट औषध म्हणून ती दिली जात नाहीत. भूक मंदावणे व झोप कमी होणे हे त्यांचे परिचित दुष्परिणाम असल्याने, आधीच खाण्याच्या आवडीनिवडी असलेल्या मुलाला गोळीपूर्वी पोटभर न्याहारी द्यावी. औषध सुरू करणे, बदलणे किंवा थांबविणे हे डॉक्टरांच्याच सल्ल्याने व्हावे. संवेदनांच्या तक्रारींवर व्यवसायोपचारतज्ज्ञ मदत करतात. संवेदनांवरील या उपचारपद्धतीचा पाया अमेरिकेतील जीन एअर्स यांनी घातला. त्यांचा प्रमुख ग्रंथ 1972 साली प्रसिद्ध झाला. अशा उपचारांच्या परिणामाचा पुरावा अद्याप मर्यादित आहे. म्हणून ‘बसमध्ये शांत बसता यावे’ यासारखे स्पष्ट उद्दिष्ट ठरवावे आणि दोन-तीन महिन्यांनी फरक पडला की नाही ते पाहावे.

2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते व तपासावयाच्या स्थितींमध्ये एडीएचडीचा समावेश आहे. शासकीय व अनुदानित शाळांत येणाऱ्या आरोग्य पथकापुढे शिक्षकांनी आपली नोंद ठेवावी. गोव्यात बांबोळी येथील मनोविकार व मानवी वर्तन संस्थेत तज्ज्ञांचा सल्ला मिळतो. ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेल्या टेली-मानस सेवेच्या 14416 या निःशुल्क क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधील 21 प्रकारांत एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही. परंतु या विकारासोबत पुष्कळदा आढळणाऱ्या विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा आहे. तशी शंका असल्यास तिचीही तपासणी करून घ्यावी.

चष्मा लागलेल्या मुलाला पुढच्या बाकावर बसविताना कोणी त्याला नाजूक म्हणत नाही. आवाजाने वा स्पर्शाने बेजार होणाऱ्या विद्यार्थ्याची अडचण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती त्यालाच विचारावी लागते. ‘तुला कशाचा त्रास होतो?’ हा प्रश्न शिक्षकाने किंवा पालकाने शांतपणे विचारला, उत्तरावर विश्वास ठेवला आणि एक बाक, एक खिडकी, एक सदरा बदलून पाहिला, तर त्या विद्यार्थ्याचे शिक्षण सुरळीत चालू राहण्याच्या दिशेने पहिले पाऊल पडेल.