लेझर मशीनच्या पाण्यावर पहारा : फ्लो स्विच कसा बसवावा?

लासूर स्टेशन हे मनमाड–छत्रपती संभाजीनगर रेल्वेमार्गावरील बाजाराचे गाव. अशा गावांतही आता ऍक्रिलिकच्या पाट्या, लाकडावरची नक्षी आणि निकाहाच्या पत्रिका कापणारी लेझर मशिने आली आहेत. तेथील एका कारागीर बांधवाच्या दुकानात आम्ही गेलो, तेव्हा मशीन बंद पडलेले होते. पाण्याच्या पंपाचा प्लग वेगळ्या बोर्डावर होता. त्या बोर्डाचा फ्यूज उडाला, पंप थांबला, मशीन मात्र चालूच राहिले. थोड्याच वेळात काचेची ट्यूब तडकली. नव्या ट्यूबचा खर्च तर झालाच, शिवाय ऐन लग्नसराईतील कामे हातची गेली. काही शे रुपयांच्या एका स्विचने हे नुकसान टळले असते.

ही मशिने कार्बन डायऑक्साइड वायूच्या लेझरवर चालतात. हा लेझर १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी शोधला. पटेल यांचा जन्म बारामतीचा आणि अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याचे. या ट्यूबला दिलेल्या विजेचा थोडाच भाग किरणात उतरतो, बाकीची उष्णता होते. ती उष्णता वाहते पाणी घेऊन जाते. पाणी थांबले की काच तापते आणि तडकते.

बाजारात दोन वस्तू मिळतात. पहिली फ्लो स्विच. पाणी वाहू लागले की त्यातील संपर्क जुळतो, थांबले की तुटतो. दुसरी तीन तारांचा फ्लो सेन्सर. त्यातील चक्र फिरते तसे विजेचे ठोके निघतात. ते मोजण्यासाठी वेगळे सर्किट लागते, म्हणून तो मशीनला थेट जोडता येत नाही. साध्या दुकानासाठी फ्लो स्विचच बरा.

स्विच ट्यूबमधून पाणी बाहेर पडते त्या पाइपावर बसवावा. तो ट्यूबच्या आधी बसवला आणि पुढचा पाइप निसटला, तर पाणी जमिनीवर सांडत असतानाही स्विच 'सर्व ठीक' असेच सांगेल. स्विचवरील बाण पाण्याच्या दिशेने ठेवावा, आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळावी आणि पाइपाला क्लिप घट्ट लावावी.

तारा जोडण्यापूर्वी मशीनचा प्लग काढून ठेवावा. ट्यूबच्या जाड तारेत वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही तो काही काळ टिकतो. त्या तारेला हात लावू नये. पुष्कळ पॉवर सप्लायवर 'डब्ल्यूपी' आणि 'जी' अशी दोन टोके असतात. तेथे आधीची जोडतार असेल तर ती काढून स्विचच्या दोन तारा लावाव्यात. पाणी असेल तरच ही टोके जुळतील आणि लेझर पेटेल. एखादी तार तुटली तरी लेझर बंदच राहील. मात्र प्रत्येक बनावटीची जोडणी सारखी नसते. मशीनचे पुस्तक पाहावे किंवा जाणकार इलेक्ट्रिशियनला बोलवावे.

काम झाल्यावर परीक्षा घ्यावी. पंप चालू करून परतीच्या पाइपाखाली एक लिटरचे माप धरावे. ते अर्ध्या मिनिटात भरले, तर मिनिटाला दोन लिटर पाणी फिरते आहे. मग पंप बंद करावा आणि अगदी कमी शक्तीवर क्षणभर लेझर पेटवून पाहावा. तो पेटता कामा नये. पेटला तर जोडणी चुकली आहे. स्विच कधी गाळाने अडकतो, कधी संपर्क चिकटून बसतो. म्हणून ही परीक्षा दरमहा घ्यावी.

स्विच पाणी वाहते की नाही एवढेच सांगतो, ते किती तापले हे सांगत नाही. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात टाकीत थर्मामीटर हवाच. पाणी तीस अंशांवर गेले की काम थांबवावे. बोअरचे जड पाणी वापरू नये, त्याचा क्षार ट्यूबमध्ये बसतो. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर घ्यावे. पावसाळ्यात बर्फ टाकून पाणी फार थंडही करू नये. ट्यूबवर दव धरले तर ठिणगी उडते.

लेझर मशीन म्हणजे अनेक घरांची रोजी आहे. पंप थांबला तर मशीनही थांबेल, एवढी सोय प्रत्येक दुकानदाराने याच आठवड्यात करून घ्यावी.