ड्यूक एलिंग्टन : वादकांसाठी लिहिणारा वृंदनायक

जॅझ संगीतातील ‘बिग बँड’ म्हणजे ट्रम्पेट व ट्रॉम्बोन ही पितळी वाद्ये, सॅक्सोफोनचा ताफा आणि पियानो, गिटार, बास व ड्रम यांचा लयविभाग मिळून होणारा साधारण पंधरा जणांचा वाद्यवृंद. असे वृंद चालवणारे नायक अनेक झाले. परंतु एडवर्ड केनेडी उर्फ ‘ड्यूक’ एलिंग्टन (१८९९–१९७४) यांच्याइतक्या सातत्याने या वृंदाकडे रचनेचे साधन म्हणून दुसऱ्या कोणी पाहिले नाही.

वॉशिंग्टनमध्ये जन्मलेले एलिंग्टन १९२३ मध्ये न्यूयॉर्कला आले आणि १९२७ च्या अखेरीस हार्लेममधील कॉटन क्लबमध्ये त्यांचा वृंद रुजू झाला. वादक कृष्णवर्णीय आणि श्रोते मात्र गोरेच, असा त्या क्लबचा अपमानकारक शिरस्ता होता. तरीही तेथून होणाऱ्या रेडिओ प्रक्षेपणांमुळे एलिंग्टन यांचे नाव देशभर पोहोचले. वृंदातील बबर मायली ट्रम्पेटच्या तोंडाशी तुंबलेली मोरी साफ करण्याची रबरी वाटी धरून ती उघडझाप करीत आणि त्याच वेळी घशातून घुरघुरत, त्यामुळे वाद्यातून माणसाच्या आक्रोशासारखा स्वर उमटे. तो ऐकून एलिंग्टन यांनी आपली लेखनपद्धतीच घडवली. त्यांच्या स्वरलिपीच्या कागदांवर वाद्यांऐवजी अनेकदा वादकांची नावे आढळतात, कारण अमुक स्वर जॉनी हॉजेस यांच्या सॅक्सोफोनमधून कसा निघेल हे मनात धरूनच तो लिहिलेला असे. १९३९ मध्ये बिली स्ट्रेहॉर्न हे तरुण संगीतकार त्यांना येऊन मिळाले. वृंदाची ओळख बनलेली ‘टेक द ए ट्रेन’ ही रचना स्ट्रेहॉर्न यांचीच, आणि या सहलेखकाचे श्रेय दीर्घकाळ झाकोळले गेले, हेही नोंदवायला हवे.

१९४३ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये त्यांनी आफ्रिकी अमेरिकनांच्या इतिहासावरील ‘ब्लॅक, ब्राउन अँड बेज’ ही सुमारे पाऊण तासाची रचना सादर केली, तेव्हा समीक्षकांनी तिचे थंडे स्वागत केले. महायुद्धानंतर नृत्यगृहांचा बहर ओसरला, एकामागून एक वृंद मोडले, काउंट बेसी यांनाही १९५० मध्ये आपला ताफा विसर्जित करावा लागला. एलिंग्टन मात्र स्वतःच्या रचनांच्या मानधनातून वादकांचे पगार भागवीत राहिले. १९५६ च्या न्यूपोर्ट महोत्सवात वृंदातील पॉल गोन्साल्व्हिस यांनी टेनर सॅक्सोफोनवर ब्लूजची सलग सत्तावीस आवर्तने वाजवली आणि वृंदाला पुन्हा प्रतिष्ठा मिळाली.

१९६३ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या दौऱ्यावर हा वृंद भारतातही आला व मुंबईत त्याचे कार्यक्रम झाले. दिल्लीत ऐकलेल्या मैनेची शीळ पुढे ‘फार ईस्ट स्वीट’ या रचनामालेत क्लॅरिनेटवर उमटली. ऐकीव पौर्वात्यपणाची नक्कल टाळून आपल्याच भाषेत परक्या भूमीला दिलेली ही दाद त्यांच्या उत्तरकाळातील सर्वोत्तम कामांपैकी आहे.

१९६५ मध्ये पुलित्झर पारितोषिकाच्या परीक्षकांनी त्यांच्या विशेष गौरवाची शिफारस केली. मंडळाने ती फेटाळली. तो गौरव १९९९ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी, जाहीर झाला. एलिंग्टन यांची ओळख करून घेऊ इच्छिणाऱ्या वाचकांनी १९४० मधील ‘कॉन्चेर्टो फॉर कूटी’पासून सुरुवात करावी: तबकडीच्या तीन-सव्वातीन मिनिटांत एकाच ट्रम्पेटवादकाचे किती आवाज मावू शकतात, हे तेथे स्पष्ट ऐकू येते.