हयातीचा दाखला आणि फोनवरचे ‘साहेब’

नोव्हेंबर महिना आला की आपल्या धाराशिव जिल्ह्यात, कळंबपासून उमरग्यापर्यंत, बँकांसमोर म्हाताऱ्या माणसांची रांग लागते. हयातीचा दाखला द्यायचा असतो. मी जिवंत आहे, एवढेच सांगण्यासाठीची ही रांग. नेमक्या याच दिवसांत भामट्यांचाही हंगाम सुरू होतो.

माझ्या शेजारी एक निवृत्त गुरुजी राहतात. दुपारी जेवून आडवे झाले, तोच फोन आला. ‘कोषागारातून बोलतोय. तुमचा दाखला मिळाला नाही, पेन्शन थांबेल.’ बोलणाऱ्याला नाव, निवृत्तीचे साल, सगळे ठाऊक होते. त्याने मोबाईलवर एक फाईल पाठवली आणि उघडायला लावली. संध्याकाळपर्यंत खात्यातून चाळीस हजार गेले. गुरुजी कुणाला बोललेच नाहीत. चौथ्या दिवशी पासबुक भरताना मुलाला कळले. ‘जन्मभर पोरांना गणित शिकवलं, आता कोणत्या तोंडानं सांगू?’ असे ते मला म्हणाले.

श्रोतेहो, चोराचे निम्मे बळ आपल्या भीतीत असते आणि निम्मे आपल्या लाजेत. अशी फाईल उघडून परवानगी दिली की मोबाईलवर येणारे संदेश, त्यातला ओटीपीसुद्धा, चोराला दिसू शकतो.

म्हणून दाखल्याची खरी रीत माहीत असावी. तो बँकेत जाऊन देता येतो. २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ची डिजिटल सोय आहे, पोस्टमनही घरी येऊन आधार आणि बोटाचा ठसा घेऊन तो करून देतो. यासाठी फोनवर ओटीपी, पिन किंवा कार्डाचा नंबर कुणाला सांगावा लागत नाही. व्हिडिओ कॉलवर खाकी कपड्यातला कुणी ‘डिजिटल अटक’ करतो म्हणाला, तर फोन ठेवून द्यावा. अशी अटक कायद्यात नाहीच.

तरीही चूक झाली, तर लगेच १९३० हा क्रमांक फिरवावा आणि बँकेलाही कळवावे. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतो. तो काढून घेण्याआधी तक्रार पोचली, तर वाटेत अडवता येतो. ओटीपी आपणच दिला असला, तरी बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसावे, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये ठरवून दिले. गुरुजींचे चार दिवस इथेच महाग पडले.

दुसरा सापळा जादा व्याजाचा. ठेव ठेवताना एवढेच विचारा, ‘इथे ठेवीला विमा आहे का?’ जानेवारी २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने उस्मानाबादच्या वसंतदादा नागरी सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. तेव्हा ९९ टक्क्यांहून अधिक ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळेल, असे तिने सांगितले होते. कारण बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो. पतसंस्था आणि मल्टिस्टेट यांना तो नाही.

शेवटचे सांगणे घरातल्या मुला-सुनांना. आई-वडील फसले, तर ‘तुम्हाला कळत कसं नाही?’ हा प्रश्न विचारू नका. त्या एका प्रश्नाच्या धाकाने माणूस गप्प बसतो. १९३० हा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठळक लिहून ठेवा, आणि ‘काही झालं तर आधी आम्हाला सांगा, आम्ही रागावणार नाही’ हेही आजच सांगून ठेवा.