सायकल, मोटार आणि इजेचा वकील

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हे वाक्य सामानात घेऊनच आपण सगळे आइंडहोवनला आलो. त्यामुळे ‘लेत्सेलस्खाडे-आडव्होकाट’ अशी पाटी दिसली की आपण सायकल पुढे दामटतो. लेत्सेल म्हणजे इजा, स्खाडे म्हणजे नुकसान. अपघातात जखमी झालेल्याला भरपाई मिळवून देणारा हा वकील. गंमत म्हणजे त्याचंही बरंचसं काम कोर्टाबाहेरच, विमा कंपनीशी पत्रव्यवहारात होतं.

हा वकील तयार कसा होतो? विद्यापीठात तीन वर्षं बॅचलर, एक वर्ष मास्टर्स, मग शपथ घेऊन तीन वर्षं ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली उमेदवारी. पुढे या विषयाचं वेगळं शिक्षण घेतलं, की एल.एस.ए. या त्यांच्या संघटनेचं सभासदत्व. एवढं सांगायचं कारण, ‘लेत्सेलस्खाडे-एक्स्पर्ट’ असं कोणीही दारावर लिहू शकतो; ‘आडव्होकाट’ हे बिरुद मात्र कायद्याने राखीव आहे.

आता मुद्द्याचं. इथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० आणि १९९२ साली घालून दिलेला नियम आज रस्ते वाहतूक कायद्याच्या कलम १८५ खाली चालतो. मोटारीने सायकलवाल्याला किंवा पादचाऱ्याला धडक दिली आणि तो चौदा वर्षांखालचा असला, तर जवळजवळ नेहमीच पूर्ण भरपाई. मोठ्या माणसाची स्वतःची चूक असली तरी, अपघात टाळणं अशक्यच होतं असं मोटारवाल्याला सिद्ध करता आलं नाही तर, किमान निम्मी. वकिलाची वाजवी फीसुद्धा जबाबदार पक्षाकडूनच वसूल होते. हे ठाऊक नसल्याने ‘एवढा खर्च कोण करणार’ म्हणून आपली माणसं गप्प बसतात.

भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखाली न्यायाधिकरण वयानुसार गुणक लावतं. सरला वर्मा खटल्याच्या २००९ च्या निकालात तर तक्ताच आहे: २६ ते ३० वयाला १७, ४१ ते ४५ ला १४. माझ्यासारख्या इंजिनियरला ते फार आवडतं! इथे असा तक्ता नाही. अपघात झाला नसता तर आयुष्य कसं गेलं असतं आणि आता कसं जाईल, या दोन रेषा काढून त्यांतला फरक मोजतात.

आणि आपली खरी अडचण तिथेच. ओळखीच्या एका वहिनींना चौकात मोटारीने उडवलं, मनगट कायमचं अधू झालं. नवऱ्याच्या नोकरीमुळे आलेल्या, डच शिकत होत्या, पगार शून्य. विमा कंपनीने शून्यच धरला. वकीलबाईंनी वहिनींची पुण्याची पदवी, आधीच्या नोकरीची पत्रं, डच परीक्षेचे निकाल, अर्ज केलेल्या जागा, सगळं मांडलं. घरकामाला लागणारी मदतही हिशेबात धरली. वर प्रश्न आलाच: ‘हे कुटुंब इथे राहिलं असतं कशावरून?’ तेव्हा घराच्या कर्जाचे कागद उपयोगी पडले. पावणेतीन वर्षं लागली, पण शून्य गेला.

बोलणी एका मुद्द्यावर अडली, तर तेवढाच मुद्दा न्यायाधीशापुढे नेण्याची सोय १ जुलै २०१० पासून आहे. जवळच्या माणसाला गंभीर कायमची इजा झाली किंवा तो दगावला, तर कुटुंबीयांच्या दुःखासाठी २०१९ पासून साडेबारा ते वीस हजार युरो ठरलेले आहेत.

पहिला सल्ला ‘युरिडिस लोकेत’मध्ये फुकट मिळतो, आइंडहोवनातही. दावा साधारण पाच वर्षांत करावा लागतो. आणि अंतिम तडजोडीच्या कागदावर सही, डॉक्टरांनी प्रकृती स्थिरावल्याचं सांगितल्यानंतरच.