मुलांची कीर्ति आणि आईबापांचें कर्ज



मी गवई नाहीं आणि गाण्यांत मला फारसें गम्यहि नाहीं. मॅट्रिक होऊन मास्तरकी धरली आणि काटोल तालुक्यांतल्या शाळांतून मुलांना हिशेब शिकवितां शिकवितां केस पांढरे झाले. आज जो विषय मी निवडला आहे तो वरवर गाण्याचा दिसला तरी आंतून हिशेबाचाच आहे. दूरचित्रवाणीवरच्या गायनाच्या आणि नृत्याच्या स्पर्धांत आपलें मूल चमकावें म्हणून बेताच्या मिळकतीचीं घरें पैसा ओततात. तो पैसा कोठून येतो, कोठें जातो, आणि डाव फसला तर भरपाई कोणाकडून होते, एवढें एकच उदाहरण आपण फळ्यावर मांडूं या.

लहान मुलाच्या गळ्यावर घराची आशा टेकणें ही गोष्ट महाराष्ट्रास नवी नाहीं. नाटकमंडळ्यांच्या काळीं गोड गळ्याचा मुलगा दिसला कीं चालकांचें लक्ष त्याच्याकडे जाई, आणि गरिबीनें गांजलेले आईबाप त्याला मंडळींत धाडीत. केशवराव भोसले हे १८९० सालीं कोल्हापुरांत जन्मले. घरच्या दारिद्र्यामुळें ते अगदीं लहान वयांत स्वदेशहितचिंतक मंडळींत आले, देवलांच्या 'शारदा' नाटकांत शारदेची भूमिका करून गाजले, आणि विशीहि गाठली नसतां १९०८ सालीं त्यांनीं 'ललितकलादर्श' ही स्वतःची मंडळी काढली. ह्या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा माझा हेतु नाहीं. शाळा सुटे, घर सुटे, आणि वयांत येतांना आवाज फुटला कीं कित्येक पोरांना मंडळीच्या सामानाबरोबर गांवोगांव हिंडण्यावांचून गत्यंतर उरत नसे. परंतु हिशेबाच्या वहींत एक बाब स्वच्छ लिहिलेली होती. मुलाचें जेवण, कपडे, तालीम, प्रवास हा सारा खर्च मंडळीचा. मुलगा रंगभूमीवर चालला नाहीं तर बुडे ती मंडळीची रक्कम. त्याच्या पायीं बापाचें शेत गहाण पडत नसे.

आज तोच खर्च सरकत सरकत घराच्या उंबऱ्याआंत आला आहे. 'इंडियन आयडॉल' ही स्पर्धा आपल्याकडे प्रथम झाली ती २००५ च्या मार्चांत मुंबईच्या अभिजीत सावंत ह्या मराठी तरुणानें जिंकली. पुढें २००८-०९ सालीं झी मराठी वाहिनीवर 'सारेगमप लिटिल चॅम्प्स' झाली आणि मराठी घराघरांतून मुलांची झोपण्याची वेळच बदलली. आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, अलिबागची मुग्धा वैशंपायन, रत्नागिरी जिल्ह्यांतला प्रथमेश लघाटे आणि लातूरचा रोहित राऊत हीं पांच मुलें अंतिम फेरींत आलीं. २००९ च्या फेब्रुवारींत कार्तिकी पहिली आली. ह्यांतलीं बहुतेक मुलें मुंबई-पुण्याबाहेरचीं असल्यामुळें तालुक्याच्या गांवांतल्या आईबापांनीं त्यांतून एक अर्थ काढला : त्यांच्या मुलांना जमलें, मग आमच्या मुलांना कां जमूं नये?

प्रश्न रास्त आहे. मात्र त्या मुलांच्या घरांत काय होतें हें पाहण्याचे कष्ट फार थोड्यांनीं घेतले. कार्तिकीचे वडील स्वतः गायक आणि संगीतशिक्षक, आर्येची आई शास्त्रीय गायिका आणि शिक्षिका. म्हणजे जी विद्या विकत घ्यावयाची तर वर्षानुवर्षें पैसा मोजावा लागला असता, ती तेथें स्वयंपाकघरांतून माजघरांत जातां-येतां मिळत होती. ज्या घरांत हें भांडवल नाहीं, तें घर त्याची भरपाई रोख पैशानें करूं पाहतें, आणि तीहि एका हंगामांत.

माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. काटोलजवळच्या खेड्यांत त्यांची लहानशी संत्र्याची बाग आहे. मुलगी अकरा वर्षांची, गळा खरोखरच चांगला. पहिल्या वर्षीं तिला नागपूरच्या ऑडिशनला नेलें. खर्च म्हणावा तर एस. टी. चें भाडें आणि एक नवा परकर-पोलका. निवड झाली नाहीं. कोणीतरी सांगितलें, मुलगी गाते छान, पण 'तयार' नाहीं. मग नागपुरांत क्लास लागला. आठवड्यांतून दोन खेपा, बरोबर आई, म्हणजे आईची दोन दिवसांची मजुरी बुडाली. मग वाद्यांच्या ट्रॅकवर गाणें बसवून देणारा आला, पोशाख शिवणारा आला, व्हिडिओ काढून देणारा आला. दुसऱ्या वर्षीं पहिली फेरी पार पडली आणि मुंबईचें बोलावणें आलें. विदर्भ एक्सप्रेसचीं तिकिटें, तेथें लॉजचें भाडें, खानावळ. हें सारें भागविण्याकरितां त्यांनीं मृगाचा बहार फुलावर असतांनाच व्यापाऱ्याला देऊन टाकला आणि बायकोच्या पाटल्या बँकेंत ठेवून कर्ज काढलें. मुलगी दुसऱ्या फेरींतून परत आली.

गृहस्थ लोभी नाहींत, मूर्खहि नाहींत. ह्या खर्चाची चालच अशी आहे कीं प्रत्येक पायरी स्वतंत्रपणें पाहिली तर माफक वाटते, आणि मागची रक्कम वांया जाऊं नये म्हणून पुढची घालावी लागते. सट्ट्यांत बुडणारा ज्या जिन्यानें उतरतो तोच हा जिना. फरक इतकाच कीं येथें हात धरून एक मूल बरोबर उतरत असतें. त्या मुलीनें गाणें सोडलें आहे असें नाहीं. पण त्या घरांत आतां गाण्याचा विषय निघाला कीं पाठोपाठ पाटल्यांचा विषय निघतो, आणि अकरा वर्षांच्या मुलीला दोन्ही विषय समजतात. आमच्याकडे संत्र्याच्या कोवळ्या कलमाला पहिल्या वर्षांत फूल धरलें तर जाणता बागाईतदार तें स्वतः खुडून टाकतो, हें त्या गृहस्थांनींच मला कैक वर्षांपूर्वीं शिकविलें होतें.

आतां फळ्याची दुसरी बाजू. वाहिनीचें उत्पन्न मुख्यतः जाहिरातींचें. कोण जिंकतें ह्यावर तें अवलंबून नसतें. पाहणाऱ्यांची संख्या किती ह्यावर असतें. मूल हरून रडलें तरी तो भाग लोक पाहतातच, किंबहुना अधिकच पाहतात. पूर्वीं मोबाइलवरून पाठविलेल्या मतांना नेहमीच्या संदेशापेक्षां जास्त दर पडे आणि त्या पैशांतहि वांटेकरी असत. २००७ सालच्या 'इंडियन आयडॉल'मध्यें दार्जिलिंगच्या प्रशांत तमांगसाठीं तिकडच्या लोकांनीं वर्गण्या गोळा करून मतें पाठविलीं, आणि तो जिंकला. एका मुलखाचा अभिमान त्यांत होता हें खरें. पण ती वर्गणी गायकाच्या शिक्षणास लागली नाहीं. आतां मतें बहुधा ॲपवरून विनामूल्य देतां येतात, म्हणून ती गळती थांबली. मुळांतली विषमता मात्र तशीच आहे : चालकाचा लाभ बराचसा निश्चित, घराचा खर्च पूर्ण निश्चित, आणि अनिश्चित काय तें मुलाचें यश.

कायदा ह्यांत काय करतो? बालकामगार कायद्यांत २०१६ सालीं दुरुस्ती झाली आणि २०१७ सालीं नियम आले. चौदा वर्षांखालील मुलाला कलावंत म्हणून काम करण्याची सवलत त्यांत आहे, पण अटींवर. निर्मात्यानें जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावयाची. दिवसांत पांच तासांहून अधिक काम नाहीं, आणि विश्रांतीवांचून सलग तीन तासांहून अधिक नाहीं. मुलाच्या इच्छेविरुद्ध काम नाहीं. आणि मुलाच्या मिळकतीपैकीं निदान शेंकडा २० रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेंत त्याच्या नांवें मुदतठेव म्हणून ठेवावयाची, ती सज्ञान झाल्यावर त्याला मिळावयाची. अमेरिकेंत असा कायदा कॅलिफोर्निया राज्यानें १९३९ सालींच केला. चार्ली चॅप्लिनबरोबर १९२१ च्या 'द किड' चित्रपटांत काम करणारा जॅकी कूगन हा मुलगा लक्षावधि डॉलर मिळवून मोठा झाला, आणि सज्ञान झाल्यावर पाहतो तों आई व सावत्र बाप यांनीं बहुतेक सारें उधळलें होतें. त्यानें १९३८ सालीं दावा लावला. हातीं आले सुमारें सव्वा लाख डॉलर. त्या प्रकरणांतून तो कायदा जन्मला.

हे नियम चांगले आहेत, पण ते मिळविणाऱ्या मुलाचें रक्षण करतात. आमच्या खेड्यांतल्या मुलीची मिळकत शून्य. शून्याचे शेंकडा वीस काढून ठेवावे तरी किती? ऑडिशनच्या रांगेंतून जे परततात ते ह्या नियमांच्या कक्षेंतच येत नाहींत, आणि बापानें मुलाच्या नांवानें किती कर्ज काढावें ह्याला कोणताहि कायदा मर्यादा घालीत नाहीं. त्यांत पुन्हां नोंदणीच्या नांवाखालीं पैसे उकळणारे भामटे असतात. निवडीसाठीं पैसे मागणारा माणूस भेटला कीं तेथूनच माघारें फिरावें.

गेल्या महिन्यांत दुसरे एक पालक माझ्याकडे आले. मुलगा नऊ वर्षांचा, नाचतो. बँकेच्या कर्जाला जामीन राहाल का, असें विचारीत होते. मी नाहीं म्हटलें. मग दोघे ओसरीवर बसलों आणि एका कागदावर आंकडे मांडले : क्लास, कपडे, प्रवास, बुडणारी मजुरी, व्याज, आणि शाळेचे बुडणारे दिवस. करारपत्र आलें तर तें इंग्रजींत असेल, तें सही करण्यापूर्वीं वकिलाकडून मराठींत समजावून घ्या, त्याचीहि फी त्यांत धरा, असें सांगितलें. बेरीज त्यांनीं स्वतः केली, दोनदां केली. मग त्यांनीं विचारलें, नागपुरांत कथक शिकविणारे कोण आहेत आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेची फी किती पडते? तेवढें मी विचारून ठेवलें आहे. ते येत्या रविवारीं येणार आहेत.