सोने कोणत्या दिवशी झाले?

धर्मशिक्षणाच्या वर्गातील एका मुलाने आम्हांस विचारले, ‘‘फादर, देवाने सोने कोणत्या दिवशी निर्माण केले?’’ उत्पत्तीच्या पुस्तकात सहा दिवसांचा क्रम आहे. मूलद्रव्यांची यादी नाही आणि ती तेथे शोधूही नये. प्रश्न मात्र रास्त होता. त्याच्या उत्तराचा आरंभ एका धर्मगुरूपासूनच होतो.

बेल्जियमचे फादर जॉर्ज लमेत्र हे लुव्हेन विद्यापीठात प्राध्यापक होते. विश्व प्रसरण पावत आहे, हे त्यांनी १९२७ मध्ये गणिताने मांडले आणि १९३१ मध्ये त्याचा आरंभ एका ‘आदिम अणू’पासून झाला असावा, असे सुचविले. या अणूची शकले होत जाऊन सर्व द्रव्य निर्माण झाले, अशी त्यांची कल्पना होती. प्रसरणाविषयी ते बरोबर होते, मूलद्रव्यांविषयी नव्हते. महास्फोटानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत हायड्रोजन, हेलियम व किंचित लिथियम एवढेच घडले. पाच किंवा आठ कणांचे स्थिर अणुकेंद्र निसर्गात नाही. शिडीच्या त्या पायऱ्याच नव्हत्या, आणि विश्व तर झपाट्याने निवत चालले होते.

पुढचा मार्ग दाखविला तो महास्फोटाच्या कट्टर विरोधकाने! फ्रेड हॉईल हे डॉ. जयंत नारळीकरांचे गुरू म्हणून मराठी वाचकांस परिचित आहेत. ‘बिग बँग’ हे नावही त्यांनीच १९४९ मध्ये रेडिओवरील भाषणात वापरले. वृद्ध ताऱ्याच्या गाभ्यात, सुमारे दहा कोटी अंश तापमानात, हेलियमची तीन केंद्रे मिळून कार्बन बनतो. परंतु जगात दिसतो इतका कार्बन बनायचा, तर त्याच्या केंद्राला एक विशिष्ट ऊर्जापातळी असलीच पाहिजे, असे हॉईल यांनी १९५३ मध्ये ठामपणे सांगितले. कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी प्रयोग केला आणि ती पातळी सापडली. १९५७ मध्ये बर्बिज दांपत्य व विल्यम फाउलर यांच्यासह त्यांनी ताऱ्यांतील मूलद्रव्यनिर्मितीचा सविस्तर प्रबंध लिहिला. १९८३ चे नोबेल पारितोषिक त्यांपैकी फाउलर यांना लाभले, हॉईल यांना नाही. आम्हांस हा अन्याय वाटतो.

महाकाय ताऱ्यांत ऑक्सिजन, सिलिकॉन आणि शेवटी लोहापर्यंत मजल जाते. लोहाच्या मीलनातून ऊर्जा मिळत नाही. म्हणून गाभा कोसळतो, ताऱ्याचा स्फोट होतो आणि द्रव्य अवकाशात विखुरते. आपल्या रक्तातील लोह अशाच स्फोटांतून आले.

आणि सोने? १७ ऑगस्ट २०१७ रोजी सुमारे तेरा कोटी प्रकाशवर्षांवरील दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची गुरुत्वीय लहर अमेरिका व इटलीतील यंत्रांनी टिपली. (तशाच वेधशाळेला आपल्या हिंगोली जिल्ह्यात २०२३ मध्ये मंजुरी मिळाली आहे.) पाठोपाठ दिसलेल्या प्रकाशात जड मूलद्रव्ये ताजी घडल्याच्या खुणा होत्या. सोन्याची भट्टी ती हीच, निदान एक तरी.

पुढच्या रविवारी आम्ही हे सारे त्या मुलाला सांगितले. त्याने क्षणभर विचार करून विचारले, ‘‘म्हणजे आईची अंगठी पृथ्वीपेक्षा म्हातारी?’’ होय. पृथ्वीचे वय सुमारे साडेचारशे कोटी वर्षे; अंगठीतले सोने त्याहून जुने.