वॉल्टनचा रोव्हर

इंग्लंडच्या सरे परगण्यात, टेम्सच्या काठी वॉल्टन नावाचं गाव आहे. १९०५ साली तिथे एक चित्रपट तयार झाला. लांबी ४२५ फूट, म्हणजे जेमतेम सात मिनिटांचा खेळ. खर्च आला ७ पौंड १३ शिलिंग ९ पेन्स. नाव होतं ‘रेस्क्यूड बाय रोव्हर’, आणि त्याचा नायक होता ब्लेअर नावाचा कोली जातीचा कुत्रा. पडद्यावरचा रोव्हर तो हाच.

ब्लेअर कुठल्या सर्कशीतून आणलेला नव्हता. तो स्टुडिओचे मालक सेसिल हेपवर्थ यांच्या घरचा कुत्रा. हेपवर्थ यांचे वडील जादूच्या कंदिलाचे खेळ दाखवत व्याख्यानं देत; आपल्याकडे कल्याणच्या पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’ म्हणून गाजवले त्याच जातीचे खेळ. त्यात वाढलेल्या सेसिलनी वॉल्टनला घर भाड्याने घेऊन स्टुडिओ थाटला आणि घरच्या सगळ्यांना कामाला लावलं. ‘रोव्हर’ची कथा त्यांच्या पत्नीची. पडद्यावरची आई त्याच, वडील स्वतः सेसिल, आणि पळवलं जाणारं बाळ त्यांची तान्ही मुलगी बार्बरा. दाई झालेली मे क्लार्क स्टुडिओतलीच. १९०३ मध्ये तिने ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’मधली अ‍ॅलिस केली होती आणि ब्लेअर त्यातही होता. बाहेरून आणले ते फक्त सेबॅस्टियन स्मिथ आणि त्यांची पत्नी. शिपाई आणि भिकारीण या भूमिकांसाठी दोघांना अर्धी-अर्धी गिनी मिळाली. दिग्दर्शन लुइन फिट्झहॅमन यांचं.

गोष्ट साधी आहे. दाई बाळाला गाडीतून बागेत नेते. वाटेत एक भिकारीण हात पसरते, दाई तिला झिडकारते. पुढे दाई शिपायाशी बोलण्यात रमते आणि भिकारीण डाव साधते. घरी आकांत सुरू असताना रोव्हर खिडकीतून उडी टाकतो आणि धावत सुटतो. इथून पुढे बघताना डोळे उघडे ठेवावेत. रस्त्यावर तो आपल्या दिशेने येतो. कोपऱ्यावर वळतो. नदीत उडी घेतो, पोहून पलीकडे निघतो आणि कॅमेऱ्यासमोर अंग झाडतो, पाण्याचे शिंतोडे उडतात. मग गरीब वस्तीतल्या घरांची ओळ लागते. तो एकेक दार धुंडाळतो आणि नेमक्या दारात शिरतो. माळ्यावर बाळ सापडतं, पण भिकारीण त्याला हाकलते. आता परतीची धाव. तोच रस्ता, तीच नदी, कॅमेरा त्याच जागी, फक्त रोव्हर आता आपल्याकडे पाठ करून जातो. शेवटी तो धन्याला घेऊन पुन्हा त्याच वाटेने निघतो आणि धनी नावेत बसून नदी ओलांडतो.

त्या काळी बहुतेक चित्रपटांत नाटकासारखा कॅमेरा समोर उभा असे आणि पात्रं त्यापुढे येऊन हातवारे करत. कुत्रा हातवारे करणार नाही, छातीवर हात ठेवून दुःख दाखवणार नाही. तो फक्त धावेल. मग त्याला बाळाचा माग लागला आहे, हे सांगायचं कुणी? ते सांगितलं दृश्यांच्या जोडणीने. एका चौकटीतून रोव्हर निघतो, दुसरीत येतो, आणि मधलं अंतर प्रेक्षक मनानेच भरून काढतो. तिसऱ्या फेरीपर्यंत ती वाट आपल्याला पाठ झालेली असते; नदी दिसली की पुढे कुठली घरं येणार हे आपल्याला ठाऊक असतं. माझ्या मते संकलनाचा इतका स्वच्छ धडा त्याआधीच्या फार थोड्या चित्रपटांत सापडेल, आणि तो मुक्या जनावराला नायक केल्यामुळे मिळाला.

लोकांनी चित्रपट डोक्यावर घेतला. त्या दिवसांत प्रती भाड्याने जात नसत, खेळवाले त्या विकत घेत. १० पौंड १२ शिलिंग ६ पेन्सला एक, अशा ३९५ प्रती खपल्या. इतक्या प्रती काढता काढता मूळ निगेटिव्ह झिजली. चित्रपट पुन्हा चित्रित केला, ती निगेटिव्हही झिजली आणि सगळा चित्रपट तिसऱ्यांदा करावा लागला! म्हणजे ब्लेअरने ती नदी किती वेळा पोहून काढली असेल, याचा विचार करा. पुढे १९०८ च्या ‘द डॉग आउटविट्स द किडनॅपर’मध्ये तर त्याला मोटार हाकताना दाखवलं. १९१४ मध्ये तो गेला. अमेरिकी पडद्यावरच्या प्रसिद्ध कुत्र्याचा, रिन टिन टिनचा, तेव्हा जन्मही झाला नव्हता.

ब्लेअर हयात असतानाच, १९१२ साली, आपले दादासाहेब फाळके वॉल्टनला पोचले. चित्रपट करायला शिकावं म्हणून विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते विलायतेला गेले होते. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांनी आधी त्यांना या धंद्यात पडू नका असंच सांगितलं. पण माणसाची तळमळ बघून हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थ यांनी आडपडदा न ठेवता स्टुडिओ दाखवला. दादासाहेबांनी विल्यमसन कॅमेरा विकत घेतला आणि परतल्यावर ते दादरला कामाला लागले. त्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटातला रोहिदास म्हणजे त्यांचा मुलगा भालचंद्र. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करून फिल्मला भोकं पाडायला बसत. घरच्या माणसांवर उभा राहिलेला धंदा वॉल्टनलाही होता, दादरलाही. दादासाहेबांच्या त्या भेटीबद्दल वाचताना मला दर वेळी या दोन घरांची आठवण होते.

हेपवर्थ यांची कंपनी १९२४ च्या सुमारास बुडाली आणि त्यांच्या निगेटिव्ह वितळवण्यासाठी विकल्या गेल्या. वीस-पंचवीस वर्षांचं काम असं मातीमोल झालं. ‘रोव्हर’ वाचला तो बहुधा त्याच्या खपामुळेच. शेकडो प्रती ठिकठिकाणी पांगल्या होत्या. आज पाहायला मिळणाऱ्या प्रती सगळ्या एकाच चित्रीकरणाच्या नाहीत, त्यांत बारीक फरक आढळतात. वॉल्टनमध्ये स्टुडिओच्या वीजघराची इमारत उभी आहे. तिचं नाट्यगृह झालं, नाव ‘प्लेहाउस’.